मी वर केलेला हात

सुजाता, त्या दिवशी तुझे हात भिंतीला कसे लागले, ते मी पाहिलं नव्हतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही, आणि माझा बनियन कुठे आहे हेसुद्धा तिला विचारल्याशिवाय मला कळत नाही, असा मी माणूस. ‘तुला सांगायचं राहून गेलं’ असं लिहायला मी बसलो होतो. पण ते खरं नाही. राहून जायला आधी मनात असावं लागतं. मी टाळलं. दर वेळी समजून-उमजून टाळलं.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. परवा प्राजक्ता घरी आली होती. तुझ्या हाताखाली पोहायला शिकलेली ही पोरगी आता मोशीच्या एका सोसायटीत स्वतः कोच आहे. गळ्यात शिट्टी, आणि बोलताना तुझ्यासारखेच कमरेवर हात. तुझ्या विद्यार्थ्यांनी मिळून तुझ्या आठवणींचं पुस्तक काढायचं ठरवलंय. म्हणाली, “सर, तुम्ही तोच प्रसंग लिहा. मॅडमना तुम्ही बाद केलं होतं तो. मॅडमच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलाय, आता तुमच्याकडून पाहिजे.” मी हो म्हणालो. चहा पिऊन ती गेली आणि मी कागद पुढे ओढला. तो प्रसंग लिहायचा तर खरा लिहायला लागणार, आणि खरा लिहिला तर तू सांगायचीस तसा तो उरत नाही.

तू सांगायचीस तो असा. राज्याची निवड स्पर्धा आपल्याच महापालिकेच्या तलावावर होती. तू सतरा वर्षांची. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राज्यात तुझ्या आसपास कुणी नव्हतं. ही शर्यत जिंकली की राष्ट्रीय शिबिर, आणि शिबिरातून देशाचा संघ. ब्रेस्टस्ट्रोकचा नियम असा, की वळताना आणि शेवटाला दोन्ही तळहात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एक आधी आणि एक मागून लागला की बाद. वळणाच्या टोकाला मी पंच होतो. तुझा उजवा हात आधी लागला, मी हात वर केला, आणि तू पहिली येऊनही बाद झालीस. “मला पहिल्यांदा पाण्यात उतरवणारा माझा दादा, आणि त्यानेच मला बाद केलं. कारण काठावर उभं राहिलं की पंचाला बहीण नसते,” असं म्हणून तू थांबायचीस. मग तू म्हणायचीस, “चला, आता दोन्ही हात.”

यात तू पदरचा एक शब्द घातला नव्हतास. खोटं होतं ते माझं होतं.

पण त्याच्या आधीची तू मला जास्त आठवतेस. उन्हाळी शिबिरात आलीस तेव्हा असशील आठ-नऊ वर्षांची. मी तुझा दादा झालो तो तिथे. मी कंपनीत दुसऱ्या पाळीला जायचो, त्यामुळे सकाळ तलावावर. नव्या मुलांना काठावर बसवून पाण्यात पाय मारायला लावणं हे माझं काम. तू पहिल्याच दिवशी काठ सोडलास. मी उडी मारून तुला वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं, ठसका थांबेना, आणि ठसक्यातून तू मला म्हणालीस, “तुम्ही मधे कशाला आलात? मी चालले होते ना.”

बुडणाऱ्या माणसानं मला झापलं ते तेवढंच एकदा.

भाऊ, म्हणजे तुझे वडील, फाउंड्रीतली रात्रपाळी संपवून थेट तलावावर यायचे. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, पायात ते जड बूट, नखांत काळी भुकटी. जाळीच्या बाहेर उभे राहायचे. मी एकदा म्हणालो, आत या, काठावर बसा. तर म्हणाले, “नको मास्तर. आमच्या लातूरकडं एका घागरीवरून बाया भांडायच्या. हितं एवढं पाणी बघून कसंतरीच व्हतंय. त्यात लेकरं उड्या मारायलीत.” मग आवाज खाली आणून, “आमचं लेकरू बरं मारायलंय का?”

मी म्हणालो, बरं नाही भाऊ, फार बरं. त्यांनी मान हलवली आणि बुटांकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशीपासून जाळीच्या आत यायला लागले.

क्लोरीननं तुझे केस तांबडे झाले होते. शाळेत नव्या आलेल्या बाईंनी तुला वर्गाबाहेर काढलं, की केस रंगवून शाळेत यायचं नाही. तू म्हणालीस, “बाई, हा महापालिकेचा रंग आहे. फुकट मिळतो.” त्यावर भाऊंना शाळेत बोलावलं गेलं. भाऊ गेले, बाईंपुढे हात जोडले, सगळं ऐकून घेतलं, आणि बाहेर येऊन इतके हसले म्हणे की सायकल धरून उभं राहावं लागलं. ही गोष्ट तू मला आकुर्डी स्टेशनजवळच्या त्या मिसळवाल्याकडे सांगितली होतीस. सराव झाला की आपण तिथे जायचो. मी चहा घ्यायचो. तू मिसळ घ्यायचीस, वर जादा पाव घ्यायचीस, आणि रस्सा इतक्या वेळा मागायचीस की मालक पातेलंच तुझ्याजवळ आणून ठेवायचा. मी गप्प बसलेला असायचो. “दादा, तुम्ही बोलत नाही,” तू म्हणायचीस, “तुम्ही नुसती शिट्टी वाजवता.”

बरोबरच होतं ते. मला बोलता येत नाही. गप्प माणसाला लोक शहाणा समजतात, सरळ समजतात. मी त्यावर आयुष्य काढलं.

आता तो दिवस.

माझ्या मागे मंडप घातला होता आणि त्यात बाहेरगावच्या क्लबांचे पालक बसले होते. सकाळपासून त्यांचं चाललं होतं, मला ऐकू येईल इतपत आवाजात. “तलाव यांचा, पोरगी यांची, पंचही यांचाच.” दुसरा म्हणाला, “घरचं कार्य आहे राव. आपण आपलं जेवायचं आणि निघायचं.” हशा झाला. मी मागे वळलो नाही. मान ताठ धरून उभा राहिलो, पण कान मागेच होते. मुख्य पंचांकडे जाऊन ‘माझ्या हाताखालची मुलगी या शर्यतीत आहे, मला दुसऱ्या बाजूला उभं करा’ असं म्हणता आलं असतं. पंच असं म्हणतात, त्यात काही वावगं नाही. पण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

तू वळणाकडे येत होतीस. तू शेवटासाठी दम राखून पोहायचीस, म्हणून शेजारच्या लेनमधली मुलगी अजून तुझ्या खांद्याला खांदा लावून. दोन्ही लेन माझ्याकडे. येताना तुझा उजवा खांदा जरासा खाली गेल्यासारखा वाटला. एवढीच शंका. आणि तुम्ही दोघी भिंतीशी आलात तेव्हा पाणी उसळलं आणि माझ्या चष्म्यावर आलं. मी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. तोवर तू वळून निघाली होतीस. तुझे तळपाय तेवढे दिसले, पांढरे, भिंतीला रेटा देऊन जाताना.

कंपनीत माझं काम गिअर तपासायचं. कंपनी तेव्हा भोसरीला होती, चाकणला नंतर गेली, पण शिकवण तीच: शंका आली की लाल डब्यात. चांगला पीस वाया गेला तरी चालेल, शंकेचा पीस गिऱ्हाइकाकडे जाता कामा नये. पंचांच्या वर्गात पहिल्याच दिवशी याच्या बरोबर उलट शिकवतात. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याचा. दिसलं तरच हात वर, नाही दिसलं तर हात खाली. मला दोन्ही पाठ होतं. आठवड्याचे सहा दिवस मी लाल डबा भरायचो आणि सातव्या दिवशी पंच म्हणून काठावर उभा राहायचो. माझा हात कंपनीच्या सवयीनं वर गेला, अशी समजूत मी बरीच वर्षं घालून घेतली. ती अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं मागच्या मंडपात बसलं होतं. तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणा मुलीबद्दल तीच शंका आली असती तर मी हात वर केला नसता.

मुख्य पंच चालत आले. “काय दिसलं?”

“उजवा हात आधी लागला.”

“नक्की?”

तिथे माझी सुटका होती. ‘चष्म्यावर पाणी आलं होतं’ एवढं म्हटलं असतं तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली असती आणि शर्यत तशीच मान्य झाली असती. मी म्हणालो, “नक्की.”

तू पहिली आली होतीस. टोपी काढून हवेत हलवत होतीस. नाव पुकारलं गेलं तेव्हा तुला आधी कळेचना. मग तशीच ओली, अनवाणी, तलावाला वळसा घालून माझ्याकडे आलीस. रडत नव्हतीस.

“दादा, लागले होते दोन्ही.”

“नियम आहे, सुजाता.”

“नियम मला माहितीये. लागले होते की नव्हते, ते सांगा.”

“मी पाहिलं.”

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी पाण्याकडे बघत राहिलो, पुढची शर्यत लागल्यासारखा. मंडपातला तो ‘घरचं कार्य’ म्हणणारा माणूस नंतर मुद्दाम येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाला, “मानलं राव तुम्हाला. आपल्या पोरीला बाद करायला छाती लागते.” आणि सुजाता, ते मला आवडलं. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय. तू कपडे बदलायच्या खोलीत दार लावून बसली होतीस, आणि मला बाहेर बरं वाटत होतं.

भाऊ जाळीच्या आतच होते. त्यांना आधी कुणीतरी समजावून सांगावं लागलं काय झालं ते. मग ते त्या दारापाशी गेले आणि बाहेरून म्हणाले, “पंचानं बघितलंय म्हणल्यावर खरंच असंल, बाई. तू दादावर चिडू नको.” मी तिथेच उभा होतो.

त्या वर्षीच्या शिबिराला दुसऱ्या नंबरची मुलगी गेली. तिचा यात काय दोष, ती चांगली पोहली, संघातही गेली. तू पुढच्या वर्षी राष्ट्रीय विजेती झालीस, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पेपरात फोटो आला त्यात भाऊ कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये आहेत, कारण कामावरून थेट सत्काराला आले होते, आणि पदक त्यांनी हातात असं धरलंय की जणू गरम आहे. पण देशाच्या संघाचं दार त्या दोन्ही वर्षी या ना त्या कारणानं उघडलंच नाही, आणि मग ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा जातो तसा तुझा गेला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू मला फोन केलास. म्हणालीस, “दादा, आता बेडकासारखं पोहायचं बंद. आता बेडूक तयार करायचे.” आणि हसलीस. मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक ‘हं’.

क्रीडा कोट्यातून नोकरी लागली, ती तू संध्याकाळी पाचपर्यंतच केलीस. पाचनंतर तू तलावावर. चाकणच्या गोदामांत काम करणाऱ्यांची पोरं, चिखलीतल्या वर्कशॉपवाल्यांची पोरं, सोसायट्यांमधली गॉगलपासून टॉवेलपर्यंत मॅचिंग असलेली पोरं, सगळी एका रांगेत. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं तळहात ओले करायचे आणि काठावरच्या कोरड्या भिंतीवर दोन्ही एकदम टेकवायचे. मग तू उमटलेले पंजे बघायचीस. एक जरा वर, एक जरा खाली दिसला की पुन्हा. “जोडीनं, जोडीनं,” म्हणत तू फिरायचीस. उन्हाळ्यात ते पंजे बघता बघता वाळून जायचे आणि पुढची रांग यायची. तुझी पोरं कुठेही पोहायला गेली, तरी पंच म्हणायचे, या मुलांच्या वळणाकडे बघायची गरज नाही. मला कौतुकानं सांगायचे. मी ऐकून घ्यायचो. त्या भिंतीवर रोज कशाची दुरुस्ती चालली होती, ते एकट्या मला ठाऊक होतं.

तुझ्या वहिनीलाही तू सोडलं नाहीस. चाळिशी उलटलेली बाई, विहिरीत डोकावायलाही भ्यायची. तिला तू लांब बाह्यांचा पोशाख घालून पाण्यात उतरवलंस. ती तुझ्या गळ्यात दोन्ही हात टाकून किंचाळत होती आणि तू तिला म्हणत होतीस, “वहिनी, पाणी तुम्हाला खात नाही. तुम्ही मला खाताय.” आज ती तलावाची एक बाजू न थांबता पोहून येते आणि घरी येऊन मला ऐकवते, की तुम्ही इतकी वर्षं पोरांना शिकवलंत, बायकोला शिकवायचं सुचलं नाही. मला फार गोष्टी सुचल्या नाहीत. तुला सुचल्या. आमच्या घरात हसण्याचा आवाज वाढला तो तुझ्यामुळे, आणि त्यासाठी तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर त्याच्या मागून दुसरंही बाहेर पडलं असतं, ही भीती होती.

आपलं भांडण मात्र दर चौदा एप्रिलला व्हायचं. तुमच्याकडे आम्ही जेवायला यायचो. मिरवणुकीचे ढोल खालच्या रस्त्यावरून जात असायचे, तू खिरीची वाटी पुढे करायचीस आणि म्हणायचीस, “घ्या. आणि आता तरी कबूल करा, लागले होते दोन्ही.” मी म्हणायचो, “झालं सुरू.” भाऊ म्हणायचे, “अगं, जेवू दे की मास्तरला.” सगळे हसायचे. तुझ्या आवाजात तेव्हा राग उरला नव्हता. पण प्रश्न होता. तो दर वर्षी होता. आणि मला सांगायला लाज वाटते, पण तो होता तोवर मला बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी माझ्यावर संशय घेत होतं.

मग एका वर्षी तू अचानक घरी आलीस, बर्फीचा पुडा घेऊन. पोरांना दाखवायला म्हणून तू स्वतः पोहून दाखवलं होतंस आणि प्राजक्तानं ते पाण्याखालून मोबाइलवर काढलं होतं. तू तो मोबाइल माझ्यापुढे धरलास. “बघा दादा. बघा इथे. भिंतीजवळ आले की माझा उजवा खांदा खाली जातो. मला कधी कळलंच नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला छळलं. तुम्ही बरोबर होतात.” आणि तू वाकलीस, माझ्या पायाशी.

वहिनी म्हणाली, “बघा, किती मोठ्या मनाची पोरगी आहे.”

मी म्हणालो, “असू दे.” आणि बर्फी घेतली. खाल्ली.

सुजाता, त्या बर्फीपाशी मी खरा गुन्हेगार झालो. तलावावर जे झालं ते एका क्षणात झालं. मंडप, चष्मा, भीती, काय वाटेल ते म्हण. घरात मात्र मला कुणी घाई केली नव्हती. तू समोर बसली होतीस, चहा होता, पंखा चालू होता. त्या खांद्यावरून काहीच ठरत नव्हतं, ते फक्त मला माहीत होतं. गुडघा गेल्यावर माणूस एका बाजूला झुकतो, खांदा त्यामुळेही पडतो. कदाचित सतरा वर्षांची असतानाही पडत असेल आणि तरी हात बरोबर लागत असतील. कदाचित लागलेही नसतील. तू तुझ्यावरचा विश्वास काढून माझ्या पायाशी ठेवलास आणि मी तो उचलून खिशात घातला.

त्या वर्षी चौदा एप्रिलला तू भांडली नाहीस. खीर पुढे केलीस आणि म्हणालीस, “घ्या दादा.” एवढंच. मी वाटी तशीच ठेवून हात धुवायला उठलो.

त्यानंतर तू तो प्रसंग सगळ्यांना सांगायला लागलीस. एखाद्या पोराला पंचानं बाद केलं आणि पालक भांडायला उठले की तू त्यांना बाजूला घेऊन माझी गोष्ट सांगायचीस. पालक परत जाऊन जागेवर बसायचे. एकदा तर माझ्यासमोरच सांगितलीस, आणि तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मी पाणी प्यायला म्हणून उठून गेलो.

तुझ्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटायला आलो तो दिवस. तू अगदी बारीक झाली होतीस, फक्त खांदे होते तसेच. म्हणालीस, “बघा दादा, मला इथे पाणी मोजून देतात. मला.” मी हसलो. खोलीत आपण दोघंच होतो. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती, भाऊ बाहेर बाकावर. कुणी लगेच येणार नव्हतं, कुणी आलंही नाही. मी म्हणालो, “सुजाता, एक सांगायचं होतं.”

तू उशीवर जरा वर सरकलीस. “बोला. तुम्ही आपणहून बोलताय म्हणजे गंभीर दिसतंय.”

मी म्हणालो, “वहिनीनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं केलंय.”

तू माझ्याकडे बघितलंस. “एवढंच?”

“एवढंच.”

“मग आणा की,” तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. तुला काही कळलं होतं का, हे मी आता कुणाला विचारू?

शोकसभेत तिघांनी तोच प्रसंग सांगितला. मी पहिल्या रांगेत. प्रत्येक वेळी सभागृहातल्या माना माझ्याकडे वळत होत्या. मला बोलायला उठवलं. मी उभा राहिलो, म्हणालो, “ती माझ्यापेक्षा मोठी होती,” आणि बसलो. लोकांचे डोळे भरून आले. माझं गप्प बसणं पुन्हा एकदा माझा चांगुलपणा ठरला.

सभा संपली. खुर्च्या उचलणं चालू होतं. भाऊ एका खुर्चीवर तसेच बसले होते, म्हणून कुणी ती उचलत नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, “मास्तर, एक इचारू का? मला त्यातलं काय कळत नाही.”

“विचारा ना भाऊ.”

“समदे तुमचं कौतुक करायलेत. ते बरंच हाय. पण ते करताना समदे म्हणायलेत, की माझी पोरगी चुकली व्हती. तीन जण म्हणले. ती असती तर मला काय वाटलं नसतं, ती सोताच हसून सांगायची. आता नाही ऐकवत.” ते बोटांनी खुर्चीचा दांडा चाचपत होते. “तवा तिचा हात खरंच आधी लागला व्हता का वो?”

इतक्या वर्षांत भाऊंनी हे मला पहिल्यांदा विचारलं. तुला ज्या माणसानं दाराबाहेरून सांगितलं होतं की पंचानं बघितलंय, तोच माणूस आता विचारत होता.

मी म्हणालो, “भाऊ, आता कशाला ते.”

त्यांनी मान हलवली. “व्हय. आता कशाला,” म्हणाले, आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

तू चुकली होतीस की नव्हतीस, हे आता कधीच कळणार नाही. ते बघायला तिथे एकच माणूस ठेवला होता आणि त्यानं बघितलं नाही. पण ‘कळणार नाही’ आणि ‘ती चुकली होती’ यांच्यात फार अंतर आहे, आणि तू ते अंतर माझ्यामुळे, माझ्या बाजूनं, एकटीनं कापलंस. तुझ्या पोरांना हे वाचून माझा राग येईल. यावा. भिंतीवरचे पंजे मात्र त्यांनी सोडू नयेत, ते तुझे आहेत, माझ्या खोटेपणानं ते खोटे होत नाहीत. आणि पंचाच्या जागी उभं राहायची वेळ कुणावर आली, तर ‘मला दिसलं नाही’ हे म्हणायला शिकावं. तीन शब्द आहेत. मला एका आयुष्यात जमले नाहीत.

प्राजक्ताला मी कळवलंय की लेख तयार आहे, पण रविवारनंतर देतो. तिला वाटलं मला शुद्धलेखन तपासायचं असेल. रविवारी सकाळी मी तुमच्या घरी जाणार आहे. भाऊ हल्ली पेपर भिंगातून, एकेक ओळ बोट ठेवून वाचतात. हे त्यांना तसं सापडता कामा नये.

भाऊंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांना देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.